आज कार्यक्रम छान झाला

डिसेंबरात ग्वाल्हेरला पेटी वाजवायची म्हणजे आधी चहाच्या पेल्याभोवती बोटं शेकून घ्यावी लागतात. गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर आमची क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, नाताळच्या गाण्यांची यादी करायला बसली आणि भांडण झालं. ते दरवर्षीच होतं. यंदा गिटारवाल्या पोराने (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हात गोड आहे) मला सरळच विचारलं, "आंटी, इस बार पेटी रहने दें? उससे सब सत्संग जैसा लगता है."

राग आला. पण त्याहून जास्त हसू आलं, कारण बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन वसईहून इथे आले, तेव्हा पहिल्या रविवारी घरी येऊन मी यांना जवळजवळ हेच म्हटलं होतं. "मिस्सेला पेटी नि ढोलक? हे चर्च आहे की भजनी मंडळ?" हे तेव्हा मोजे काढत होते. म्हणाले, "तुझ्या माहेरी व्हायोलिन होतं, ते काय येशूने वाजवलं होतं?"

माहेरी व्हायोलिन होतं हे खरं. बाबा चर्चच्या गायकवृंदात होते. त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, आणि लॅटिनचा अर्थ कळत नसताना ती सगळी गाणी त्यांना तोंडपाठ होती. पुढे मिस्सा मराठीत आली, नवी गाणी आली, बाबांनी तीही पाठ केली. पण म्हातारपणी आंघोळीच्या वेळी न्हाणीघरातून ऐकू यायचं ते लॅटिनच. मी एकदा विचारलं, "बाबा, मराठी का नाही म्हणत?" म्हणाले, "मराठीत देवाशी बोलतो. हे नुसतं गातो."

हे वाक्य मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. अजूनही पुरतं कळलंय असं म्हणणार नाही.

तर पेटी. पोराला मी सांगितलं, बाबा रे, जिला तू सत्संगाची समजतोस ती फ्रान्सची. अलेक्झांद्र दबँ नावाच्या माणसाने 1842 मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं. पायाने भाता मारायची ती बाजाची पेटी मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली, कारण जिथे ऑर्गन नेणं शक्य नाही तिथे ती नेता यायची. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता लावून जमिनीवर बसवली, आणि मग ती अशी काही पसरली की कीर्तन, कव्वाली, नाटक, लावणी, सगळीकडे शिरली. आमच्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भैय्यासाहेब गणपतराव तर पेटी आणि ठुमरी या दोन्हींसाठी नावाजले. गंमत पुढे आहे. हीच पेटी परकी, हिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हिचे सूर आपले नव्हेत, म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. म्हणजे रेडिओवाल्यांना ती फार फिरंगी वाटली, आणि आमच्या पोरांना फार हिंदू वाटते. बिचारीने जावं कुठे?

पोरगं ऐकून घेतं, हा त्याचा गुण. म्हणालं, "तो फिर गिटार भी चलेगा ना?"

चलेगा की नाही, हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिला आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

इथे आल्यावर दोन वर्षांत मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका काकूंकडे गाणं शिकायला लागले. जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर काकू, दोन तानपुरे आणि एक अत्यंत रागीट मांजर. घरात ग्वाल्हेरची गायकी तीन पिढ्यांची. हद्दू खां, हस्सू खां ही नावं त्या अशी घ्यायच्या की जणू मागच्या गल्लीत राहतात. मी ख्रिस्ती आहे याचं त्यांना काही नव्हतं. मी 'सा' लावताना हनुवटी वर करते याचं मात्र फार होतं.

एकदा पवित्र आठवड्याच्या, म्हणजे इस्टरच्या आदल्या आठवड्याच्या, आधी मी शिकवणीला बसल्या बसल्या बाबांची एक लॅटिन चाल गुणगुणत होते. त्यातल्या पुण्य गुरुवारी मिस्सा संपल्यावर परमप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) वाजतगाजत नव्हे, तर गात गात बाजूच्या वेदीकडे नेतात, तेव्हाचं ते गीत. शब्द तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनसचे. काकू आतून ओट्याशी होत्या. तिथूनच ओरडल्या, "काय गं ते? भैरवी?"

तो ग्रेगोरियन गायनाचा, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गाण्याचा, तिसरा मोड (आपल्या थाटासारखा स्वरसंच). मी नंतर कागदावर स्वर मांडून पाहिले: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. काकूंचा कान बरोबर होता. राग नव्हे, भैरवीचं चलन त्यात नाही, पण स्वर तेच. मग आम्हा दोघींना नादच लागला. ग्रेगोरियनचा पहिला मोड काफीच्या स्वरांचा, पाचवा यमनच्या, सातवा खमाजच्या. एकच सुरावट, खाली साथीचे सूर नाहीत, ताल नाही, शब्द जसा श्वास घेईल तसं गाणं. काकू म्हणाल्या, "हे आमच्या आलापीच्या घरचं आहे. फक्त हे लोक कुठेही हौस करत नाहीत."

हे मला फार पटलं. 'कॅथलिक श्रद्धेला कुठलं संगीत शोभतं' असं कुणी विचारलं तर चर्चचं अधिकृत उत्तर आहे आणि ते स्पष्ट आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 ला उपासनेवरचा जो दस्तऐवज काढला, त्याच्या 116 व्या परिच्छेदात ग्रेगोरियन गायनाला मानाची जागा दिली आहे. लोकांना वाटतं की त्या परिषदेने लॅटिन गाणं हाकलून दिलं. तसं त्यात कुठेच नाही. पण तीनच परिच्छेद पुढे, 119 व्यात, असंही आहे की ज्या देशांची स्वतःची संगीत परंपरा आहे, जी त्यांच्या धर्मजीवनात मुरलेली आहे, तिला योग्य मान द्या, उपासनेत जागा द्या. भांडणारे आपापल्या सोयीने एकेक परिच्छेद घेऊन येतात. मीही आणते.

आणि त्याआधीचं तर बघायलाच नको. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी संगीतावर पत्र काढलं. त्यात चर्चमध्ये पियानो बंद, ढोल-झांजा बंद, बँड बंद. आणि गायकवृंदात बायका बंद. गाणं ही उपासनेतली सेवा, बायकांना ती करता येत नाही, सबब वरच्या पट्टीसाठी मुलगे घ्या. म्हणजे त्या हिशेबाने पोराचा ड्रम जायच्या आधी मीच दाराबाहेर! ते पत्र मी क्वायरला वाचून दाखवलं तेव्हा आमच्या मल्याळी नर्स मुली इतक्या हसल्या की त्या दिवशी तालीम झालीच नाही.

आता माझी चूक सांगते.

काकूंकडे सात-आठ वर्षं झाली होती. बागेश्री जरा गळ्यावर चढला होता आणि डोक्यातही. इस्टरनंतरच्या एका रविवारी परमप्रसादाच्या वेळी मी एक हिंदी भजन बागेश्रीत बांधून घेतलं. लोक रांगेने पुढे येत होते, वेळ होता, हॉल घुमत होता. मी आलाप घेतला. मग एक बोलआलाप. मग, देवा क्षमा कर, एक तानही. रांग संपली, फादर पात्र पुसून बसले, मी अजून 'प्रभु' या शब्दावरच होते. शेवटी सम गाठली तेव्हा मागच्या बाकांवर टाळ्या वाजल्या.

बाहेर एका वयस्क बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मनापासून म्हणाल्या, "आज कार्यक्रम छान झाला."

घरी येईपर्यंत टेम्पोत मी एक शब्द बोलले नाही. यांना वाटलं घसा बसला.

संत ऑगस्टिनने आपल्या कबुलीजबाबात हीच गोष्ट लिहून ठेवली आहे, तीही चौथ्या शतकाच्या अखेरीस. गाण्यातल्या आशयापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं तेव्हा मी पाप करतो, आणि तेव्हा वाटतं की न ऐकलेलंच बरं, अशा अर्थाचं. तरी तो गाणं बंद करा म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसांत त्याच गाण्यांनी रडवलं होतं हे त्याला आठवतं. मी हे काकूंना सांगितलं. त्या मांजराला बाजूला सारत म्हणाल्या, "अगं, ख्यालात शब्द म्हणजे खुंटी. स्वर टांगायला. तुझ्या पूजेत शब्द खुंटी आहे का?"

नाही. मिस्सेत शब्दच सगळं आहे. आणि हाच सवाल सोळाव्या शतकात चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेपुढे आला होता. चार-पाच आवाज एकमेकांवरून धावताहेत, एक गट 'आमेन' म्हणतोय तेव्हा दुसरा अजून मधल्या ओळीत, शब्द कुणालाच कळत नाही, अशी तक्रार. पालेस्त्रिना या संगीतकाराने एक मिस्सा (तिच्यातली गाणी) रचून बहुस्वरी गाणं वाचवलं अशी गोड कथा सांगतात. इतिहासकार ती मानत नाहीत. पण त्याचं गाणं ऐकलं की कळतं, आवाज किती का असेनात, शब्द पाण्याखालच्या खड्यासारखा दिसत राहतो. माझा बागेश्री गढूळ होता. रागाचा दोष नव्हे. त्यानंतर त्याच रागात, त्याच भजनाची चाल मी सरळ दादऱ्यात बसवली, दोन ओळी, कुणालाही म्हणता येईल अशी. अजून म्हणतात. टाळ्या नाहीत.

म्हणजे पहिलं माप असं झालं: बाकावरचा माणूस बरोबर गाऊ शकतो का, निदान शब्द ऐकू शकतो का. पण हे पुरत नाही, कारण फिल्मी चाल तर सगळ्यांनाच गाता येते.

तेही आमच्याकडे होऊन गेलंय. अर्पणाच्या वेळी कुणीतरी बसवलेलं गीत, शब्द शुद्ध हिंदी भक्तीचे, चाल एका गाजलेल्या सिनेमाची. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोराने मूळ शब्द सुरू केले, खणखणीत आवाजात, हातवाऱ्यांसकट. त्याची आई त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेली तर तो हाताखालूनच गात राहिला. फादर वेदीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा मला नेमकं कळलं की माझं भांडण शैलीशी नाहीच. चालीला आठवण असते. ती ज्या घरातून येते तिथले कपडे अंगावर घेऊन येते. आमच्या वारकरी मंडळींना विचारा. गणपतीत सिनेमाच्या चालीवर आरती लावली की घरातले म्हातारे का चिडतात? त्या चालीत काही अपवित्र स्वर असतात का? स्वर तेच बारा. पण डोळे मिटले की विठोबाऐवजी नटी दिसते, हे त्यांचं दुःख.

आणि आठवण धुपतेही. पंधराव्या शतकात युरोपात एका शस्त्रधारी माणसाचं लौकिक गाणं होतं, रस्त्यावरचं. त्या चालीवर दुफाय, जोस्कँ अशा थोर रचनाकारांनी मिस्सा रचल्या. सगळ्या मोजल्या तर चाळीसच्या आसपास भरतात. ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटावर जे शोकगीत आज जगभर गातात, तेही मुळात हान्स लिओ हासलरने 1601 मध्ये छापलेलं एका पोरीच्या प्रेमात वेड्या झालेल्या माणसाचं गाणं. आज ती चाल ऐकून कुणाला पोरगी आठवते? कपडे फाटले, विरले, गळून पडले. मग फिल्मी चालीला मी काय म्हणू? पाप नाही म्हणणार. घाई झाली म्हणेन. दोनशे वर्षांनी या.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. मग गिटारवाल्याने माझा हिशेब विस्कटला.

यादीच्या भांडणानंतर तो मला टेम्पोपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला की त्याची आई आजारी होती तेव्हा तो युवकांच्या एका शिबिराला गेला होता. रात्री शेकोटीभोवती सगळे गिटारवर तीन कॉर्डची गाणी म्हणत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरी प्रार्थना केली ती तिथे. त्यामुळे गिटारचा तो 'जी' कॉर्ड वाजला की तो आपोआप तिथे जातो. आणि पेटी वाजली की? "मोहल्ले का जगराता याद आता है आंटी. लाउडस्पीकर. सोने नहीं देते थे." जगराता म्हणजे रात्रभर चालणारी देवीची भजनं.

आता यावर मी काय बोलणार? मी ज्याला पार्टीचं वाद्य समजत होते ते त्याचं न्हाणीघरातलं लॅटिन होतं. माझी पेटी त्याच्यासाठी लाउडस्पीकर. आमच्या चर्चमध्ये छोटा नागपूरकडच्या तीन सिस्टर आहेत. त्यांच्यासाठी मांदर (तिकडचा आदिवासी ढोल) वाजल्याशिवाय सण सुरूच होत नाही. केरळच्या मुलींना कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लागतो. पायस महाराजांना ढोल आणि पियानोत नाटकगृह ऐकू येत असणार, म्हणून त्यांनी दार लावलं. मोझार्ट पियानोवर वाजवणारे कार्डिनल रात्सिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांना रॉकमध्ये उन्माद ऐकू यायचा. सगळे आपापल्या आठवणीने ऐकतात. आणि बाक एकच.

दर डिसेंबरला तानसेन समारोह असतो, आमच्या तालमींच्या नेमक्या आड येतो. तरी पहिल्या दिवशी सकाळी मी एकदा तरी हजिऱ्याला जाऊन येते. महंमद घौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनची ती बुटकी कबर. तिथे सनई होते, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते, आणि तिथेच मिलादही (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन). बुवा आपल्या चालीत, मौलाना आपल्या सुरात. कुणी कुणाचं गात नाही, आणि कुणी उठून जात नाही. यंदा मी तिथे उभी राहून विचार करत होते की हे इथे जमतं, कारण यांना एकामागून एक गायचंय; आम्हाला एकदम, एका तोंडाने गायचंय. आमची अडचण जास्त आहे.

मात्र 'सगळंच चालतं' असं मी म्हणणार नाही. काकूंकडे शिकलेली बाई असं म्हणूच शकत नाही. भैरव रात्री कुणी गाणार नाही. भैरव वाईट म्हणून नव्हे, वेळ चुकली म्हणून. मिस्सेलाही प्रहर आहेत. 'हे प्रभु, दया कर' या तीन ओळींना ताल मुळीच नको, तिथे ग्रेगोरियन आणि आमची आलापी दोघी सख्ख्या बहिणी, आणि तिथे ढोलक आलं तर मी भाता बंद करून बसते, कुणाला काय वाटायचं ते वाटो. 'पवित्र, पवित्र' ला मांदर हवा, छाती भरली पाहिजे. परमप्रसादानंतरच्या शांततेत गिटारची एकेक तार छेडलेली मला आवडते. पोरगं ते फार हलक्या हाताने करतं. पण तिथे भरलेल्या आवाजाचं, डोळे मिटून 'मी, माझं, मला' म्हणणारं गाणं आलं की मला माझी तान आठवते.

आणि तीन दिवस तर वाद मुळातच मिटतो. पुण्य गुरुवारच्या महिमागीतापासून (मिस्सेतलं देवाच्या स्तुतीचं गाणं) पास्काच्या, म्हणजे इस्टरच्या आदल्या, रात्रीच्या महिमागीतापर्यंत वाद्यं फक्त गळ्याला आधार म्हणून वाजवायची असा नियम. आम्ही आधारही घेत नाही. पेटीवर खोळ, गिटार घरी, घंटेच्या जागी लाकडाची खटखट. शुभ शुक्रवारी दुपारी तीनला, ग्वाल्हेरच्या त्या उन्हात, पंखे घरघरताहेत, आणि मी नुसत्या गळ्याने सुरुवात करते. पट्टी कधी वर लागते, कधी खाली. पहिल्या ओळीला चार बायका, दुसरीला बाकीचे, तिसरीला पुरुष खर्जात येतात. मल्याळी हेल, छोटा नागपूरचा हेल, माझा वसईचा. बेसूर असतं जरा. त्या दिवशी मात्र अजून कुणी मला कार्यक्रमाबद्दल काही बोललेलं नाही.

नाताळच्या यादीचं काय झालं? पोराने हुकमाचं पान टाकलं. "आंटी, साइलेंट नाइट पहली बार गिटार पे ही गाया था." खरंच आहे. 1818, ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ, नाताळची आदली रात्र. फादर मोर यांचे शब्द, ग्रूबर मास्तरांची चाल, साथीला गिटार. मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तेव्हा ते गाणं त्याचं. दयागीत माझं, बिनतालाचं. महिमागीताला सिस्टरांचा मांदर. एक मराठी गाणं, बाबांचं, मी हट्टाने घातलंय. मराठी कळणारे आम्ही पाच-सहा जण असू, बाकीचे नुसतं गातील.

काल संध्याकाळी तो गिटार घेऊन घरी आला, पट्टी जुळवायला. माझी पेटी जुनी, तिचे सूर कणभर चढलेले, आणि पेटीला काही पिळता येत नाही. मी काळी चार दाबून भाता हलवत बसले. तो फोनवरचं ट्यूनर बंद करून, कान पेटीशी नेऊन एकेक खुंटी पिळत होता. पाच तारा लागल्या. सहावी, सगळ्यात बारीक, तटकन तुटली.

"आंटी!"

"मी काय केलं? बाड्याच्या बाजारात मिळेल, आठपर्यंत दुकान उघडं असतं. येताना गजक आण."